वैरावांचून स्मरण : अब्राहाम लिंकन यांचें चरित्र

कोणत्याहि राष्ट्रावर मोठा आघात झाला म्हणजे तो एका पिढीबरोबर संपत नाहीं. मेलेल्यांस माती देऊन लोक घरीं परततात, परंतु त्या दिवसाचें स्मरण घरोघर राहतें आणि पुढें मुलाबाळांस वारसा म्हणून मिळतें. हें स्मरण कसें जतन करावें हा फार कठीण प्रश्न आहे. कांहीं लोक तें राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणें जपून ठेवितात, आणि संधि मिळतांच फुंकर घालून त्याचा वणवा करितात. दुसरे कांहीं म्हणतात कीं सर्व विसरून जावें. परंतु ज्यांनीं सोसलें त्यांस विसरतां येत नाहीं, आणि विसरा असें त्यांस सांगणें हाहि त्यांच्यावर एक अन्यायच होतो. या दोहोंहून निराळी अशी एक वाट आहे. ती चालून दाखविणाऱ्या एका पुरुषाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव आमच्या शाळांतील लहान मुलांसहि ठाऊक आहे. पण गुलामांस मुक्त करणारे अध्यक्ष एवढेंच बहुधा ठाऊक असतें. आपल्या राष्ट्राच्या सर्वांत मोठ्या दुःखाचें स्मरण त्यांनीं कसें केलें, हें येथें विशेषेंकरून सांगावें असा आमचा हेतु आहे.

अब्राहाम लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं केंटकी नांवाच्या संस्थानांत, लांकडाच्या ओंडक्यांनीं बांधलेल्या एका खोलीच्या झोंपडींत झाला. बाप टॉमस हा शेतकरी व सुतार होता. आईचें नांव नॅन्सी. केंटकींत गुलाम बाळगण्याची चाल होती, परंतु हें कुटुंब ज्या बाप्तिस्त मंडळींत जात असे ती या चालीच्या विरुद्ध होती. १८१६ सालीं, कांहींसें जमिनीच्या हक्काच्या तंट्यामुळें व कांहींसें गुलामगिरीमुळें, टॉमसनें तो मुलूख सोडून इंडियानाच्या रानांत बिऱ्हाड नेलें. झाडें तोडावीं, कुंपणासाठीं लांकडें फोडावीं, नांगर धरावा, हेंच तेथें मुलाचें शिक्षण झालें. १८१८ सालीं त्या रानांत एक विचित्र रोग आला. एक विषारी झुडूप गाईंच्या खाण्यांत येई आणि त्यांचें दूध पिणारीं माणसें आजारी पडून मरत. त्याच रोगानें नॅन्सी मरण पावली. त्या वेळीं अब्राहाम नऊ वर्षांचा होता. पुढच्या वर्षीं सारा नांवाची सावत्र आई घरीं आली. सावत्रपणाविषयीं आपल्याकडे बरें कोणी बोलत नाहीं; परंतु या बाईनें त्या पोरक्या मुलांस पोटच्या पोरांप्रमाणें वागविलें, आणि अब्राहामाची वाचनाची आवड पाहून त्यास उत्तेजन दिलें. त्याची शाळा सगळी मिळून एक वर्षाचीहि भरली नाहीं. परंतु पवित्र शास्त्र, इसापनीति आणि बन्यनच्या यात्रेकरूची गोष्ट हीं पुस्तकें त्यानें पुनःपुन्हां वाचलीं, व त्यांची साधी आणि जोरदार भाषा जन्मभर त्याच्या जिभेवर राहिली.

१८३० सालीं हें कुटुंब इलिनॉय येथें गेलें. तेथें लिंकन यांनीं नावाड्याचें, दुकानदाराचें, टपाल वांटण्याचें व जमीन मोजण्याचें काम केलें. दुकान बुडालें, त्याचें कर्ज पुष्कळ वर्षें फेडीत राहिले. १८३४ सालीं ते संस्थानच्या कायदेमंडळावर निवडून आले, आणि घरीं स्वतःच पुस्तकें वाचून १८३६ सालीं वकील झाले. १८४२ सालीं मेरी टॉड या बाईशीं त्यांचा विवाह झाला.

लिंकन जन्मतःच क्षमाशील होते असें वाचकांनीं समजूं नये. तरुणपणीं त्यांची जीभ फार तिखट होती. १८४२ सालींच त्यांनीं जेम्स शील्ड्स नांवाच्या एका अंमलदाराची टवाळी करणारें पत्र आपलें नांव न घालतां वर्तमानपत्रांत छापविलें. शील्ड्स संतापले व त्यांनीं द्वंद्वाचें आव्हान दिलें. दोघे तरवारी घेऊन नदींतील एका बेटावर जमलेहि; सुदैवानें मित्रांनीं मध्यें पडून समेट केला. या प्रकाराची लिंकन यांस इतकी लाज वाटली कीं पुढें त्याची गोष्ट कोणीं काढलेली त्यांस खपत नसे. शब्दानें मनुष्यास जखम करणें किती सोपें आहे व तिचा शेवट कोठें होतो हें त्यांनीं त्या दिवशीं पाहिलें. एकोणीस वर्षांनीं, अध्यक्ष असतांना, त्यांनीं याच शील्ड्स यांस सैन्यांत ब्रिगेडियर जनरल नेमिलें.

गुलामगिरीविषयींचा त्यांचा तिटकारा मात्र जुना होता. १८४१ सालीं आगबोटीच्या एका प्रवासांत त्यांनीं बारा गुलाम एकाच सांखळीस, गळ टाकलेल्या दोरीस मासे अडकावेत तसे, अडकविलेले पाहिले. ते बायकोमुलांपासून तोडून दूर दक्षिणेकडे नेले जात होते. चौदा वर्षांनीं एका मित्रास लिहितांना त्यांनीं कळविलें कीं तो देखावा आपणांस अजून छळतो. १८५४ सालीं गुलामगिरी नव्या मुलुखांत पसरविण्यास वाट देणारा कायदा झाला, तेव्हां ते पुन्हां राजकारणांत उतरले. आणि ६ नोव्हेंबर १८६० रोजीं अध्यक्ष निवडले गेले. त्या वेळीं त्या देशांत सुमारें ४० लक्ष माणसें गुलाम होतीं. आपली ही मालमत्ता जाईल या भयानें दक्षिणेकडील संस्थानें एकामागून एक फुटून निघालीं. अखेरीस तीं ११ झालीं. १२ एप्रिल १८६१ रोजीं सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, आणि भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला.

हें युद्ध चार वर्षें चाललें. त्यांत ६,२०,००० शिपाई मेले असें फार दिवस मानीत. अलीकडच्या अभ्यासकांच्या मतें हा आंकडा सात लक्षांच्या किंवा त्याहूनहि वर जातो. लढाईपेक्षां रोगानेंच अधिक मेले. या युद्धाची झळ व लाभ हीं दोन्ही आपल्या देशापर्यंत येऊन पोंचलीं. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना, म्हणून खानदेश, वऱ्हाड व गुजराथ येथील कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळून पुष्कळ पेढ्या बुडाल्या. एका देशाच्या रक्ताचे पैसे दुसऱ्या देशाच्या बाजारांत अशा रीतीनें खेळत होते.

अध्यक्षांच्या स्वतःच्या घरींहि दुःख आलें. २० फेब्रुवारी १८६२ रोजीं त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली तापानें वारला. शिवाय मेरीबाईंचें माहेर केंटकीचें; त्यांचे कित्येक भाऊ दक्षिणेच्या सैन्यांत होते व त्यांतले कांहीं लढाईंत पडले. त्यांची धाकटी बहीण एमिली हिचा नवरा दक्षिणेचा सेनापति होता. तो सप्टेंबर १८६३ मध्यें चिकमॉगा येथें मारला गेला. ती विधवा झालेली मेहुणी डिसेंबरांत अध्यक्षांच्या वाड्यावर आली. शत्रूची बायको घरांत ठेविली म्हणून मोठ्या माणसांनीं दोष दिला. पण लिंकन यांनीं आपल्या घरीं कोणास ठेवावें हें आम्हां नवराबायकोचें काम आहे असें समजावून तिला पोटच्या मुलीप्रमाणें वागविलें. ती आपला पक्ष सोडून आली नव्हती, व त्यांनीं आपला पक्ष सोडिला नव्हता. दोघांनाहि एकमेकांचें रडणें समजत होतें, एवढेंच.

राज्यकारभारांतहि हीच वृत्ति दिसे. एडविन स्टॅन्टन नांवाच्या नामांकित वकिलानें १८५५ सालीं एका खटल्यांत लिंकन यांस खेडवळ समजून त्यांचा उघड अपमान केला होता. त्यालाच १८६२ सालीं त्यांनीं युद्धमंत्री केलें, कारण त्या कामास तोच लायक होता. गेटिसबर्गच्या लढाईनंतर सेनापति मीड यांनीं हरलेल्या शत्रूस निसटूं दिलें, म्हणून लिंकन यांनीं रागानें एक कडक पत्र लिहिलें. पण तें सही न करतां, न पाठवितां, कागदांत ठेवून दिलें. पहाऱ्यावर झोंपलेले, घाबरून पळालेले असे कितीएक तरुण शिपाई मरणाच्या शिक्षेस पात्र ठरत. त्यांचे कागद ते रात्र रात्र वाचीत आणि जीव वाचविण्यास कांहीं निमित्त सांपडतें कां तें पाहत.

परंतु येथें एक गोष्ट आम्हांस लपवितां येत नाहीं. १८६२ सालीं मिनेसोटा येथील डाकोटा नांवाच्या मूळच्या रहिवाशांनीं, कराराप्रमाणें मिळावयाचा पैसा वेळेवर न आल्यामुळें व भुकेनें गांजून, बंड केलें. त्यांत शेंकडों गोरे वसाहतवाले मारले गेले. लष्करी न्यायमंडळानें ३०३ डाकोटांस फांशीची शिक्षा दिली. कित्येक खटले तर कांहीं मिनिटांतच उरकले होते. पुष्कळ गोरे लोक सूड मागत होते. लिंकन यांनीं एकेक खटल्याचे कागद तपासविले व बहुतेकांची फांशी रद्द केली. तरी २६ डिसेंबर १८६२ रोजीं ३८ जणांस एकाच वेळीं फांशीं दिलें गेलें, आणि त्यांचे लोक पुढें त्या मुलुखांतून घालवून दिले गेले. दोनशेंहून अधिक जीव वांचले हें खरें, आणि अडतीस गेले हेंहि खरें. डाकोटा लोक तो दिवस विसरले नाहींत. थोर पुरुषाची दयाहि मनुष्याचीच दया असते व तिला सीमा असतात, हें चरित्र वाचतांना आम्हीं ध्यानांत ठेविलें पाहिजे.

१ जानेवारी १८६३ रोजीं त्यांनीं बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. पुढें सुमारें १,८०,००० कृष्णवर्णी पुरुष उत्तरेच्या सैन्यांत शिपाई झाले. त्याच वर्षीं ३० एप्रिल हा दिवस त्यांनीं राष्ट्रीय उपासाचा व प्रार्थनेचा म्हणून नेमिला. युद्धाच्या वेळीं राजे विजयासाठीं प्रार्थना करावयास सांगतात. यांनीं आपल्या लोकांस आपल्याच राष्ट्राच्या पापाबद्दल नम्र होण्यास सांगितलें. लिंकन कोणत्याहि मंडळीचे रीतसर सभासद झाले नव्हते. वॉशिंग्टन येथील एका प्रेस्बिटेरियन मंदिरांत ते उपासनेस जात, व संकटाच्या वर्षांत त्यांचें शास्त्रवाचन वाढत गेलें.

जुलै १८६३ च्या पहिल्या तीन दिवसांत गेटिसबर्ग येथें मोठी लढाई झाली. मेलेले, जखमी व हरवलेले मिळून दोन्ही पक्षांकडील सुमारें ५१,००० माणसें कामीं आलीं. १९ नोव्हेंबरला तेथें शिपायांच्या स्मशानभूमीचा समर्पणविधि झाला. मुख्य वक्ता दोन तास बोलला. लिंकन दोन तीन मिनिटांतच खालीं बसले. ताजीं थडगीं समोर असतां त्यांनीं शत्रूस एक शिवीहि दिली नाहीं. शत्रूचें नांवसुद्धां काढिलें नाहीं. मेलेल्यांचें ऋण जिवंतांनीं अपुरें काम पुरें करून फेडावें, एवढाच त्यांच्या बोलण्याचा भाव होता.

४ मार्च १८६५ रोजीं दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतांना त्यांनीं जें भाषण केलें तें या सर्व आयुष्याचें सार होय. विजय अगदीं जवळ आला होता. ज्यांच्या घरचे मुलगे मेले होते असे हजारों लोक समोर उभे होते, आणि शत्रूवर आग पाखडलेली ऐकण्यास त्यांचे कान आतुर होते. लिंकन यांनीं युद्धाचें कारण गुलामगिरी हेंच होय असें स्पष्ट सांगितलें. सत्य सांगतांना ते कचरले नाहींत. परंतु तें पाप त्यांनीं एकट्या दक्षिणेच्या माथीं मारिलें नाहीं. तें सगळ्या अमेरिकेचें पाप आहे, अडीचशें वर्षें गुलामांच्या घामावर सर्वांचीच श्रीमंती वाढली, आणि हें युद्ध म्हणजे दोन्ही पक्षांवर आलेला देवाचा न्याय असूं शकेल, असें त्यांनीं सुचविलें. दोन्ही बाजूंचे लोक एकच शास्त्र वाचीत आणि एकाच देवाची प्रार्थना करीत होते, याची त्यांनीं आठवण दिली. शेवटीं त्यांनीं लोकांस नेमून दिलेलें काम सूडाचें नव्हतें, शुश्रूषेचें होतें: जखमा बांधाव्या, शिपायांच्या विधवांस व अनाथांस संभाळावें, आणि न्यायाची शांतता स्थापावी. हें सर्व भाषण सुमारें ७०० शब्दांचें आहे. पुष्कळांस तें रुचलें नाहीं. परंतु फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते व पळून मुक्त झाले होते, त्यांनीं त्याच संध्याकाळीं अध्यक्षांस भेटून तो प्रयत्न पवित्र असल्याचें आपलें मत कळविलें.

पुढच्या महिन्यांत या शब्दांची कसोटी लागली. ३ एप्रिलला दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली. दुसऱ्या दिवशीं लिंकन आपला लहान मुलगा टॅड याचा हात धरून त्या जळत्या शहरांतून पायीं चालले. मुक्त झालेले गुलाम त्यांच्याभोंवतीं जमले. ८ एप्रिलला त्यांनीं सिटी पॉइंट येथील लष्करी इस्पितळांत हजारों जखमींच्या खाटांजवळ जाऊन हात हातांत घेतला, आणि त्यांत दक्षिणेच्या जखमी शिपायांसहि वगळिलें नाहीं. ९ एप्रिलला दक्षिणेचे सेनापति ली शरण आले. लिंकन यांचा मनोदय ओळखून सेनापति ग्रँट यांनीं हरलेल्या शिपायांस कैद न करतां घरीं जाऊं दिलें, उपाशी सैन्यास शिधा दिला, आणि पेरणी जवळ आली म्हणून ज्यांचे घोडे होते त्यांस ते नेऊं दिले. शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेल्यांस या शेवटच्या गोष्टीची किंमत निराळी सांगावयास नको.

११ एप्रिलच्या रात्रीं लिंकन यांनीं आपलें शेवटचें भाषण केलें. त्यांत कांहीं कृष्णवर्णी पुरुषांस, विशेषतः शिपायांस, मताचा हक्क असावा अशी आपली इच्छा उघड बोलून दाखविली. गर्दींत जॉन विल्क्स बूथ नांवाचा नट उभा होता. तें ऐकून त्याचा निश्चय ठरला. १४ एप्रिल १८६५ रोजीं, उत्तम शुक्रवारीं, त्यानें नाटकगृहांत अध्यक्षांस मागून गोळी घातली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं प्राण सोडिला.

त्यानंतरचा रविवार पुनरुत्थानाचा सण होता. मंदिरें काळ्या कापडानें झांकलीं होतीं. त्या दिवशीं पुष्कळ व्यासपीठांवरून असें सांगण्यांत आलें कीं लिंकन फार मवाळ होते, म्हणून देवानें त्यांस नेऊन कठोर हाताच्या माणसास काम दिलें. रस्त्यांत त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्यांस लोकांनीं मारहाण केली. ज्यानें सहा आठवड्यांपूर्वीं वैर टाकण्यास सांगितलें, त्याच्याच प्रेतापुढें वैराचे उपदेश झाले! आम्हांस हें वाचून खेद होतो, आणि भयहि वाटतें. कारण अशा रविवारीं आम्ही व्यासपीठावर असतों तर काय बोललों असतों, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

तरी तें बीज अगदींच वायां गेलें नाहीं. १८६६ च्या एप्रिलांत मिसिसिपी संस्थानांतील कोलंबस गांवच्या बायका आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलें वाहण्यास गेल्या. शेजारींच उत्तरेच्या शिपायांचीं थडगीं ओसाड पडलेलीं होतीं. तींहि कोणा दूरच्या आयांचीं लेंकरें असें मनांत आणून त्यांनीं त्यांवरहि फुलें वाहिलीं. त्या वेळीं त्यांचें स्वतःचें दुःख अजून ओलें होतें.

पण आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होत नाहीं. डिसेंबर १८६५ मध्यें गुलामगिरी राज्यघटनेनेंच बंद झाली; परंतु पुढें उत्तरेचे व दक्षिणेचे गोरे लोक जसजसे एकमेकांस भेटूं लागले, तसतसें ते मुक्त झालेल्या कृष्णवर्णी लोकांस विसरूं लागले. १८७७ नंतर त्यांचे हक्क हळूहळू काढून घेण्यांत आले, आणि ते परत मिळविण्यास जवळ जवळ शंभर वर्षें लागलीं. डग्लस जन्मभर बजावीत राहिले कीं क्षमा करा, पण युद्ध कशासाठीं झालें हें विसरूं नका. भांडणाऱ्या दोघांनीं हात मिळवून तिसऱ्याच्या पाठीवर ओझें ठेवणें, याला करुणा म्हणत नाहींत. आपल्या जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं गुलामगिरी हें पुस्तक लिहून तें अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केलें, तें याच भावनेनें. तिकडच्या सांखळ्यांकडे पाहतांना त्यांस इकडच्या सांखळ्या दिसत होत्या.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरींहि अशीं स्मरणें आहेत. कोणाच्या आजोबांस पाणवठ्यावरून हांकलून दिलें, कोणाचें घर दंग्यांत जळलें, कोणाचा माणूस परत आला नाहीं. तें विसरा असें आम्ही कोणास सांगत नाहीं. मुलांस तें सांगावें. अन्यायाला अन्याय म्हणावें. न्याय मिळेपर्यंत तो मागावा. परंतु सांगतांना आपल्या बाजूच्या पापासहि जागा ठेवावी. आणि ज्यांनीं दुःख दिलें त्यांच्या मुलांकडे बोट करून आपल्या मुलांस शत्रु देऊं नये. वर्षाचा तो दिवस आला म्हणजे त्या दिवशीं कोणाची तरी जखम बांधावी, आपल्याकडील असो वा पलीकडील. लांकडें फोडणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलानें, तरुणपणच्या तिखट जिभेस हळूहळू आवर घालीत, हें शिकून घेतलें. त्यास तें एका दिवसांत आलें नाहीं. आम्हांसहि येणार नाहीं; पण आरंभ आज संध्याकाळीं, घरीं दिव्यापाशीं मुलांस गोष्ट सांगतांना, करतां येईल.